पीओपीचा गणपती टबमध्ये विरघळवणारी पावडर (अमोनियम बायकार्बोनेट): घरी वापरून बघितली, त्याचा अनुभव

दरवर्षी आमचा गणपती गौरींबरोबर जातो आणि आजवर आम्ही गंगेवरच जायचो (नाशिककरांना सांगायला नको, गंगा म्हणजे गोदावरी, रामकुंडाच्या आसपासचा घाट). दोन वर्षांपूर्वी विसर्जनानंतर तीन-चार दिवसांनी मी सकाळी भाजीला म्हणून तिकडे गेले होते आणि पाणी थोडं उतरलेलं होतं, तर पायऱ्यांना लागून मूर्ती तशाच पडलेल्या, कुणाचा हात तुटलेला, कुणाचं मुकुटासकट डोकं वर आलेलं, रंग मात्र जसाच्या तसा. ज्या मूर्तीपुढे आपण रोज दोन वेळा आरती करतो तिची ही अवस्था बघून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही खरंच. तेव्हाच ठरवलं की आता घरीच विसर्जन करायचं, पण प्रश्न असा की आमच्या सासूबाईंचा मूर्तिकार ठरलेला आहे, तीस वर्षं त्यांच्याकडूनच मूर्ती येते, आणि ते पीओपीच्याच (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) करतात. म्हणून मग ही पावडर.

आधी थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे काहीतरी ॲसिड वगैरे आहे. तसं काही नाही. अमोनियम बायकार्बोनेट हे बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात तेच. पीओपीच्या मूर्तींसाठी ते वापरायची पद्धत आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने शोधली, डॉ. शुभांगी उंबरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. पुणे महापालिकेने २०१६ च्या सुमाराला गणेशोत्सवात लोकांना ही पावडर वाटायला सुरुवात केली आणि आता आपल्याकडे नाशिक महापालिका पण देते. मला स्वतःला हे संशोधन फार आवडलं, कारण ह्यात कुणाच्या श्रद्धेला हात लावलेला नाही, मूर्ती पण तीच, उत्सव पण तोच, फक्त शेवटच्या दोन दिवसांचा प्रश्न सोडवलाय.

पीओपी पाण्यात का विरघळत नाही हे मला माझ्या मुलीने समजावलं, ती अकरावी सायन्सला आहे. पीओपी म्हणजे जिप्सम भाजून केलेली पूड, पाणी लागलं की ती परत जिप्सम होऊन घट्ट बसते. आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. आमची मूर्ती तेरा इंचाची, आतून पोकळ, काट्यावर ठेवली तर २ किलो ३०० ग्रॅम भरली. म्हणजे ती नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळवायची तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी लागेल, आणि ती पण कुणीतरी ढवळत बसलं तर! घाटाच्या साचलेल्या पाण्यात, जिथे एका दिवसात हजारो मूर्ती येतात, तिथे काय होणार हे वेगळं सांगायला नको. पावडर टाकली की मात्र जिप्सम विरघळण्यापेक्षा बदलतंच, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडी होते ती खाली बसते, आणि अमोनियम सल्फेट होतं ते पाण्यात राहतं. थोडा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी निघून जातो. मुलीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडून दाखवला की १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे ढोबळमानाने जेवढी मूर्ती तेवढी पावडर. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण अर्धी पावडर टाकून "आमचा गणपती विरघळलाच नाही" म्हणणारे मी आमच्याच सोसायटीत दोन जण बघितले.

आता खरेदीचं. मी पूजा साहित्याच्या एका दुकानातून एक-एक किलोची तीन पाकिटं घेतली, किलोला ८० रुपये पडले. घरी येऊन वजन केलं तर दोन बरोबर आणि तिसरं ७६० ग्रॅम. मला आधी वाटलं मापात मारलं, पण मुलगी म्हणाली तसं नसेल, ही पावडर उघडी राहिली किंवा गरम जागी ठेवली की हळूहळू उडून जाते, तिचा अमोनिया, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि मागे काहीच उरत नाही, कापरासारखं. त्या पाकिटाला नुसती पिन मारलेली होती, बाकी दोन नीट सील केलेली होती. दुकानदाराला परत जाऊन सांगितलं तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, पाकिटावर ना तारीख ना बनवणाऱ्याचं नाव, तर तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार. माझं म्हणणं एवढंच आहे की ही वस्तू वर्षातून दहा दिवस विकली जाते, आणि लोक एकदाच वापरून मत बनवतात, त्यामुळे सील आणि तारीख पाहिजेच. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच काट्यावर ठेवायला सांगा. आणि खायचा सोडा वेगळा, हे वेगळं, एका ठिकाणी मला "तेच ते" म्हणून खायचा सोडा देत होते.

विसर्जनाच्या दिवशी खरी अडचण पावडरची नव्हती, सासूबाईंची होती. उत्तरपूजा झाली, दहीपोह्यांची शिदोरी बांधली, आणि बाल्कनीतला टब बघून आई म्हणाल्या, "अगं देवाला औषधात बुडवायचं का?" त्यांचं चुकीचं नव्हतं, मला पण आतून तसंच वाटत होतं. मग मार्ग काढला तो असा, की आधी पितळी घंगाळात स्वच्छ पाणी घेतलं, त्यात फुलं टाकली, त्यात बाप्पाला तीनदा बुडवून रीतसर विसर्जन केलं, "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, आरती झाली, आणि गंगेवरून परत येताना वाळू आणतो ना तशी आईंनी तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती पाटावर ठेवली. मग रात्री सगळे झोपायला गेल्यावर मूर्ती टबमध्ये ठेवली. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण घरात ज्येष्ठ माणसं असतील तर पावडरीच्या पाण्यात थेट विसर्जन त्यांच्या मनाला लागतं आणि मग पुढच्या वर्षी परत घाट.

टब चाळीस लिटरचा प्लास्टिकचा, त्यात साधारण बावीस लिटर साधं पाणी. गरम पाणी अजिबात घेऊ नका, पावडर मूर्तीला लागायच्या आधीच उडून जाईल. सव्वादोन किलोच्या वर पावडर टाकून लाकडी काठीने ढवळली आणि टबला बाहेरून हात लावला तर एकदम गार, फ्रीजमधून काढल्यासारखा, पावडर विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेते म्हणून. मूर्ती ठेवल्यावर मिनिटभरात मुकुटाच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले, सोड्याच्या बाटलीसारखे, आणि खूप हळू फस्स असा आवाज, कान जवळ नेला तरच ऐकू येईल असा. आई पण उठून बघायला आल्या आणि बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या.

वासाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. वास घाण आहे. सार्वजनिक मुतारीत येतो तसा, आणि पाकीट फोडताना तोंड जवळ नेलं तर डोळ्यांत पाणी येतं, नाकात झिणझिण्या येतात. बाल्कनी उघडी होती म्हणून निभावलं. बाथरूममध्ये दार लावून हे करूच नका, घरात दमा असलेलं माणूस किंवा लहान मूल असेल तर गच्चीवर करा, टबवर जुनी चादर किंवा पाट सैल झाकून ठेवा, घट्ट झाकण नको कारण गॅस निघत असतो. आणि जवळपास ब्लीचिंग पावडर किंवा फरशी पुसायचं क्लोरीनचं लिक्विड वापरू नका, अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू होतो. पाकिटावर ह्यातलं एक अक्षर छापलेलं नव्हतं.

सांगतात की ४८ तासांत मूर्ती विरघळते. आमचा हिशोब असा झाला, की पहिल्या रात्री मी दोनदा उठून ढवळलं, सकाळी सोंड आणि हात गेलेले होते, रंगाचा पापुद्रा सुटून वर तरंगत होता, साप कात टाकतो ना तसा, सोनेरी पितांबराचा तुकडा तर अख्खाच्या अख्खा. चोवीस तासांनी पोटापर्यंतचा भाग बोटाने दाबला तर ओल्या खडूसारखा मऊ. पण बैठक, म्हणजे खालचा पाट आणि उंदीर, तो जाड भरीव होता, तो ४८ तासांनंतर पण आतून कडक. मग काठीने हलकेच फोडला, पुन्हा ढवळलं, आणि तिसऱ्या दिवशी रात्री सगळं संपलं. टबमध्ये उरलं काय तर खाली पांढरा गाळ, वर पिवळट पाणी, रंगाचे पापुद्रे, मूठभर काथ्या आणि एक गंजलेली तार, जी सोंडेत आधाराला घातलेली असते. ढवळणं फार महत्त्वाचं आहे, कारण तयार होणारी चुनखडी मूर्तीवरच थर धरून बसते आणि मग आतपर्यंत पाणी पोचत नाही. ज्यांनी मूर्ती टबमध्ये ठेवून दिली आणि एकदम दोन दिवसांनी बघितलं त्यांचं अर्धवट राहिलं, त्यात पावडरीचा दोष नाही.

इथपर्यंत पावडरीला पैकीच्या पैकी मार्क. माझी खरी काळजी पुढची आहे आणि ह्याबद्दल कुणीच बोलत नाही. टबमधलं ते पाणी कुठे टाकायचं? आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी सरळ मोरीत ओतलं. ते पाणी म्हणजे खताचं पाणी आहे. आमच्या मूर्तीच्या हिशोबाने त्या बावीस लिटरमध्ये पावणेदोन किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट होतं. मोरीतून ते ड्रेनेजला, तिथून शेवटी कुठे जाणार, तर गोदावरीलाच. आणि नदीत नत्र (नायट्रोजन) गेलं की पाणवेली फोफावते. तपोवनाच्या पुढे, नांदूर मध्यमेश्वरपर्यंत नदीवर हिरवी चादर पसरते ती बघितलीये ना सगळ्यांनी? तेच नांदूर मध्यमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, जिथे हिवाळ्यात आपण मुलांना पक्षी बघायला घेऊन जातो. अमोनिया माशांना पण बाधतो. म्हणजे मूर्ती नदीत टाकली नाही आणि तिचं पाणी मोरीतून नदीत पाठवलं, तर आपण नेमकं काय वाचवलं? मला हे लिहिताना राग येतो, कारण एनसीएलच्या लोकांनी तर ह्याचं खत होतं हे पहिल्यापासून सांगितलंय, ते ह्या पद्धतीचं सगळ्यात मोठं सौंदर्य आहे, आणि आपण नेमकं तेच ड्रेनेजमध्ये घालवतोय.

आम्ही काय केलं ते सांगते. जुन्या ओढणीतून पाणी गाळून घेतलं, रंगाचे पापुद्रे वेगळे वाळवून वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात वेगळे सांगून दिले. पाणी दोन दिवस उघडं ठेवलं, वास बराच कमी झाला. नंतर एक मग पाणी आणि दोन बादल्या साधं पाणी असं करून सोसायटीच्या जास्वंदीला, बोगनवेलीला, कंपाउंडच्या कडेच्या झाडांना घातलं, थोडं थोडं, एकाच झाडाला नाही. तसंच न मिसळता घातलं तर झाड जळतं, हे एका कढीपत्त्याने आधीच दाखवून दिलं. आणि कढीपत्ता, मेथी, टोमॅटो अशा खायच्या झाडांना घालूच नका, कारण रंग. पीओपी आणि पावडर ह्यांचं काय होतं ते सगळं माहिती आहे, पण मूर्तीला दिलेल्या चमकदार रंगात शिसं, पारा, कॅडमियम असले जड धातू असू शकतात आणि ते ह्या पावडरीने कुठेही जात नाहीत, थोडे पाण्यात, थोडे गाळात राहतात.

आमचे मामेसासरे पिंपळगावला द्राक्षवाले, ते त्याच आठवड्यात आले होते. टब बघून म्हणाले, "सूनबाई, हे तर आमचं अमोनियम सल्फेट! २१ टक्के नत्र आणि वर गंधक, कांद्याला किती चांगलं." मग मीच रंगाचं सांगितलं तर लगेच म्हणाले मग बागेला नको, बांधावरच्या निलगिरीला घालतो, आणि पाच लिटरचे दोन कॅन भरून घेऊन गेले. बघा ना, नाशिक जिल्हा, चारी बाजूंनी शेती, गावोगाव हेच खत विकत घेतलं जातं, आणि शहरात ते मोरीत चाललंय. वॉर्डात एक टाकी ठेवून हे पाणी गोळा केलं, तपासलं आणि रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना घातलं तर काय अवघड आहे? मूर्ती संकलनाचे तंबू तर लागतातच, "देव द्या, देवपण घ्या" म्हणत मुलं-मुली दिवसभर उन्हापावसात उभी असतात, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. तिथेच हे होऊ शकतं.

गाळाचं म्हणाल तर धुऊन वाळवल्यावर सव्वा किलोच्या वर पांढरी मऊ पूड निघाली. रांगोळी करावी असं मनात आलं होतं, पण परत तेच, रंगाचा अंश, आणि मुली हाताने काढणार, म्हणून नाही केली. कुंडीत पण टाकली नाही, आपल्याकडच्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर असतो. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंडी दादांना विचारून पायाखालच्या भरावात टाकली.

आता प्रश्न, घ्यावी का? तुमची मूर्ती पीओपीची असेल, दीड फुटाच्या आत असेल, आणि तीन दिवस बाल्कनी द्यायची तयारी असेल तर नक्की घ्या, मनापासून सांगते. पाचपैकी चार मी पावडरीला देईन, पाकिटाला दोन. मोठ्या मूर्तीला घरी जमणार नाही, पाच किलोच्या मूर्तीला पाच किलो पावडर आणि वासही त्याच मानाने, त्यापेक्षा कृत्रिम तलाव बरा. तसंही २०२५ मध्ये हायकोर्टाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं होतं.

पण शाडूची मूर्ती घेणं शक्य असेल तर ह्या पावडरीच्या भरवशावर पीओपी आणू नका. माझ्या बहिणीकडे इंदिरानगरला शाडूची असते, फक्त कुंकू-हळद आणि गेरूचे रंग, ती साध्या पाण्याच्या बादलीत रात्रीतून विरघळते आणि माती त्याच कुंडीत जाते, ना वास ना हिशोब. शाडू पण नदीत नको बरं का, बादलीतच, कारण तो बारीक चिकट गाळ नदीच्या तळाशी जाऊन बसतो. आमच्या मूर्तिकार काकांशी मी बोलले, पुढच्या वर्षी आमच्यापुरती एक शाडूची करून द्या म्हटलं, ते म्हणाले वाळायला वेळ लागतो, तडे जातात, आषाढ लागायच्या आत सांगा. आई काही बोलल्या नाहीत पण घरी आल्यावर कॅलेंडरवर पेनाने खूण केली त्यांनी.

अर्धा किलोच्या आसपास पावडर उरली होती. पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नाही म्हणून खालच्या काकूंना दिली, त्यांचा दहा दिवसांचा, अनंत चतुर्दशीला जातो, मूर्ती छोटी, सहा इंचाची. त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला, म्हणाल्या अगं पूर्ण गेला गं, आणि आता हे पाणी एक मग आणि दोन बादल्याच ना?